साठमधला ‘स’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिल्ली कँटमधल्या घरात संध्याकाळी मी फोन कानाला लावून बसलो होतो. बाहेर पाऊस, आत पंखा, आणि खिडकीखाली शेजाऱ्यांचा जनरेटर. पलीकडे कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आबा. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही. घरी आणलेल्या यंत्रावर ते रोज रक्तदाब बघतात आणि मला आकडा सांगतात.

“आज किती आबा?”

“एकशे आठ.”

“छान आहे की,” असं म्हणून मी उसाचं बिल कधी निघणार ते विचारलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. ती गावाला गेली होती. “अरे, आबांचं प्रेशर चार दिवस एकशे साठ येतंय. तुला रोज सांगितलं म्हणतात. आणि तू म्हणालास छान आहे?”

डॉक्टरांनी गोळी वाढवली, पुढे काही वाईट घडलं नाही. पण बावीस वर्षं सेटवर आकडे ऐकण्यात गेलेल्या माणसाने बापाचं ‘साठ’ हे ‘आठ’ ऐकावं, हे मला लागलं. आबा स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत कंपनीचे सेटवाले होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रिडिंग ताईने सांगितलं.

म्हणून हेडसेट घ्यायचं ठरलं. आमच्यात कुठलीही गोष्ट घ्यायची म्हटलं की आधी ती कुठून आली ते खणत बसायची मला खोड आहे (घरच्यांचा शब्द वेगळा आहे). हा लेख त्या खणण्याचा. हेडसेट कोणता घेतला ते शेवटी येईलच, पण आधी तो ‘स’ गेला कुठे ते पाहू.

‘साठ’ आणि ‘आठ’ यांच्यात फरक फक्त एका ‘स’चा. ‘आ’ हा स्वर जाड, त्याची ताकद खालच्या कंपनांत असते. ‘स’ मात्र दातांमधून सुटणारी हवा आहे, आणि त्याची बहुतेक ताकद सेकंदाला ४,००० कंपनांच्या वर असते. जुन्या टेलिफोनची वाट ३०० ते ३,४०० कंपनांचीच. एका तारेवर जास्तीत जास्त संभाषणं बसवायची तर प्रत्येकाला जागा कमी द्यायची, एवढाच त्यामागचा हिशेब. बोलणं कळतं, माणूस ओळखू येतो, पण ‘स’ आणि ‘फ’ यांचं फक्त भूत पोचतं. वाक्यात असले तर मेंदू ते भरून काढतो. ‘साखर’ऐवजी ‘आखर’ ऐकू आलं तरी आपण साखरच समजतो. आकड्याला मात्र आगापिछा नसतो. एकशे आठ हाही रक्तदाब असू शकतो आणि एकशे साठ हाही.

दुसरा दोष माझ्या कानाचा. तोफेच्या आणि रायफलच्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा सगळा एकदम बिघडत नाही. आधी जातो तो ४,००० कंपनांच्या आसपासचा पट्टा. वैद्यकीय तपासणीतल्या आलेखावर तिथे एक खड्डा दिसतो, आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या कागदावर तो आहे. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा सहसा डावा कान जास्त जातो, कारण नळीच्या तोंडाकडे डावा कान वळलेला असतो आणि उजवा खांद्याआड लपतो. मी फोन डाव्या कानाला लावतो, कारण उजव्या हाताने लिहायचं असतं. म्हणजे फोनने अर्धा ‘स’ खाल्ला, उरलेला माझ्या कानाने.

आता इतिहास. भारतात टेलिफोन एक्स्चेंज आले ते १८८२ साली जानेवारीत, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे. एक्स्चेंजवरच्या माणसाला दिवसभर एका हाताने वाहिन्या जोडायच्या आणि दुसऱ्या हाताने कानाशी यंत्र धरायचं. हेडसेटचा जन्म झाला तो ऐकायला चांगलं म्हणून नव्हे, हात मोकळा हवा म्हणून. अमेरिकेत एझ्रा गिलिलँड याने १८८०च्या दशकात जे केलं ते खांद्यावर चढवायचं काही किलोंचं जोखड होतं, एका कानाला ऐकायचं आणि तोंडापुढे बोलायचं. त्याचे फोटो पाहिले तर नांगराला जुंपलेला बैल आठवतो. आरामाचा विचार नंतर आला, आणि तोही फार हळू.

आज आपण डोक्यावर पट्टी आणि दोन्ही कानांवर दोन वाट्या असं जे चित्र पाहतो, ते नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या युटामधल्या माणसाचं. त्याने १९१० साली अमेरिकी नौदलाला पत्र पाठवलं, जांभळ्या शाईने, रंगीत कागदावर, सोबत स्वतः बनवलेली कानावरची जोडी. असलं पत्र कुठल्याही मुख्यालयात केराच्या टोपलीत जातं, मी खात्रीने सांगू शकतो. नौदलातल्या कोणीतरी ती जोडी लावून पाहिली आणि चकित झाला, कारण तेव्हा वापरात असलेल्या यंत्रांपेक्षा ती कितीतरी जास्त संवेदनशील होती. त्या काळात बिनतारी संदेशाचा आवाज मोठा करायला काही सोय नव्हती. दूरच्या जहाजाकडून जे काही क्षीण येईल तेवढ्यावरच कानाची पडदी हलायला हवी. बाल्डविनने एकेका वाटीत जवळजवळ मैलभर बारीक तांब्याची तार गुंडाळली होती आणि पडदी अभ्रकाची केली होती. नौदलाने मागणी नोंदवली तेव्हा त्याने कळवलं की एका वेळी दहाच नग मिळतील, कारण काम स्वयंपाकघरात चालतं. डोक्यावरची पट्टी बोचते अशी तक्रार आली, तेव्हा त्याने दोन तारांची, वरखाली सरकणारी पट्टी केली. तिचं पेटंट घ्यावंसं त्याला वाटलं नाही. इतकी किरकोळ गोष्ट, तिचं काय पेटंट! आज दुकानात टांगलेल्या डोक्यावरच्या प्रत्येक हेडफोनची पट्टी वरखाली सरकते.

आमच्याकडे सिग्नल कोअरची सुरुवात १५ फेब्रुवारी १९११ रोजी फतेहगढला झाली, म्हणजे बाल्डविनच्या पत्रानंतर वर्षभरात. तेव्हाचं त्यांचं काम मुख्यतः झेंडे, आरसे, दिवे आणि तारा यांचं. कानाला लावायच्या यंत्राने खरं राज्य मिळवलं ते दुसऱ्या महायुद्धात, आणि ते रणगाड्यात. रणगाड्यात चार माणसं हाताच्या अंतरावर बसतात आणि तरीही एकमेकांना ऐकू येत नाही. इंजिनाचा आवाज, साखळ्यांचा आवाज, तोफेचा आवाज. म्हणून ब्रिटिशांच्या १९ नंबर सेटमध्ये तीन गोष्टी एकत्र होत्या. लांबचं बोलायला एक वाट, जवळच्या रणगाड्यांशी दुसरी, आणि आपल्याच रणगाड्यातल्या माणसांशी बोलायला तिसरी. हा सेट कॅनडातही बनला आणि त्यातले काही रशियाला पाठवायचे म्हणून त्यांच्या बटणांवर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरंही छापली गेली.

या गोंगाटात बोलणं पोचवायचं कसं, यावर त्या काळात दोन उत्तरं निघाली आणि ती दोन्ही आजही आपल्या खिशात आहेत.

पहिलं उत्तर गळ्याचं. गळ्यावर पट्टा बांधायचा, त्यात दोन छोट्या गोट्या स्वरयंत्राच्या दोन बाजूंना टेकतात आणि हवेतला आवाज न घेता थेट गळ्याची थरथर घेतात. बाहेर कितीही गोंगाट असो. रशियन घडणीच्या रणगाड्यांबरोबर येणाऱ्या जाड कापडी टोपीला असाच पट्टा असतो. तरुण अधिकारी म्हणून मी तो पहिल्यांदा बांधला तेव्हा वाटलं की कोणीतरी हळूच गळा दाबतोय. आवाज पोचतो, पण कसा? स्वर सगळे येतात. ‘स’ मात्र गळ्यात तयार होत नाही, तो दाताशी होतो. गळ्याच्या पट्ट्याला ‘स’ जवळजवळ माहीतच नाही. म्हणजे माझी फोनवरची अडचण रणगाड्यातल्या माणसांना पूर्वीपासून होती.

दुसरं उत्तर जास्त हुशार. अमेरिकी सैन्याने वरच्या ओठावर मिशीसारखा बसणारा टी-४५ नावाचा मायक्रोफोन काढला. त्याची पडदी दोन्ही बाजूंनी उघडी होती. दूरचा गोंगाट दोन्ही बाजूंनी सारखाच येऊन पडदीवर दाब देतो, आणि दोन्ही दाब एकमेकांना मारतात. ओठाजवळचा आवाज एका बाजूने जास्त येतो, तो उरतो. यात वीज नाही, गणित नाही, नुसती भोकं योग्य जागी. आजच्या कॉल सेंटरच्या हेडसेटची जी बारीक दांडी तोंडाजवळ येते, तिच्या टोकाला हेच तत्त्व आहे. तोंडापासून जितकी दूर, तितकी तिची किमया कमी. हे लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडेल.

आणि यंत्राच्या दोन्ही उत्तरांवर विश्वास न ठेवता सैन्याने तिसरं उत्तर भाषेतच काढलं. आकडे सुटे बोलायचे. एकशे साठ नाही, ‘फिगर्स, वन सिक्स झीरो’. नाइनला ‘नायनर’, फाइव्हला ‘फाइफ’, थ्रीला ‘ट्री’. नवा अधिकारी हे ऐकून हसतो. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला १९५६ साली आजच्या रूपात ठरली, त्याआधी एबल, बेकर होतं. प्रत्येक शब्द असा निवडला आहे की अर्धा गळाला तरी उरलेला दुसऱ्या शब्दासारखा वाटू नये. आपण मराठीत फोनवर ‘पुण्यातला प’ म्हणतो, ते हेच.

सेटवरच्या बोलण्याचं मोल काय असतं हे सांगायला मला इंडिया गेटला जावं लागतं. तिथल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं, परम योद्धा स्थळ आहे. परमवीर चक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे तिथे ओळीने आहेत. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यासमोर जरा जास्त थांबतो. जन्म पुण्याचा, १९५०चा. रेजिमेंट पूना हॉर्स, म्हणजे १८१७ साली पुणे तहान्वये दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या घोडदळाचा वारसा. खडकवासल्याला ज्या मैदानावर आम्ही तीन वर्षं परेड केली, बूट घासले आणि शिक्षा म्हणून धावलो, त्या मैदानाला त्यांचंच नाव आहे.

१६ डिसेंबर १९७१, शकरगढ भागात बसंतर नदीच्या पलीकडे जरपालजवळ. खेत्रपाल एकवीस वर्षांचे, अधिकारी होऊन सहा महिने झालेले. सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली. सेटवर वरून हुकूम आला की रणगाडा सोडा. त्यांनी उत्तर दिलं की तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही. आणि सेट बंद केला. त्यानंतरही ते लढले आणि तिथेच गेले. हे संभाषण आपल्याला माहीत आहे ते पलीकडे कोणीतरी कानाला लावून ऐकत होतं म्हणून. पाहुण्यांना मी शौर्याचं सांगतो, ते सगळे सांगतात. मला स्वतःला तिथे उभं राहिल्यावर दुसरंच आठवतं. सेट बंद झाल्यावर कानात जी खरखर उरते, ती मी सरावात हजार वेळा ऐकली आहे. त्या दिवशी ती ऐकणाऱ्याने पुढे काय केलं असेल, याचा विचार येतो.

पुन्हा हेडसेटकडे. युद्धानंतर तो विमानात गेला आणि तिथे हलका झाला. १९६१ साली कॅलिफोर्नियात विमानाशी संबंधित दोघांनी सुरू केलेल्या प्लँट्रॉनिक्सने डोक्यावरच्या अवजड वाट्या काढून एका कानाला बारीक नळी लावली. त्याच घराण्याचा हेडसेट १९६९ साली चंद्रावर गेला. अमर बोस यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून सुटून अमेरिकेत गेलेले. मुलगा १९७८ साली झुरिचहून परतताना विमानात दिलेले हेडफोन लावतो, इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडतं, आणि तो तिथेच वहीत आकडेमोड सुरू करतो. बाहेरच्या आवाजाची उलटी लाट तयार करायची आणि दोन्ही भिडवायच्या. १९८६ साली न थांबता, इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारणाऱ्या व्हॉयेजर विमानातल्या दोघांनी त्याचे पहिले नमुने वापरले, आणि १९८९ साली वैमानिकांसाठी ते विकत मिळू लागले. दुकानदार आज ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणून जे सांगतो ते हे. पण दोन गोष्टी तो सांगत नाही. ही युक्ती घरघरीवर चालते, म्हणजे पंखा, कूलर, इंजिन. शेजारी बसलेल्या माणसाच्या बोलण्यावर कमी चालते. आणि ती तुमच्या कानाची सोय आहे, पलीकडच्याला जनरेटर ऐकू येतोच.

आता आमच्या अंगणात, म्हणजे गुरगावात. आज गुरुग्राम म्हणतात, पण त्या काळाचं बोलताना गुरगावच बरं. १९९७ साली तिथे जीई कॅपिटल इंटरनॅशनल सर्व्हिसेस सुरू झालं, जे पुढे जेनपॅक्ट झालं. त्याआधी अमेरिकन एक्स्प्रेसने दिल्लीतून आपलं मागचं काम सुरू केलं होतं. रमण रॉय यांचं नाव या दोन्हींशी जोडलेलं, आणि २००० साली त्यांनी स्पेक्ट्रामाइंड काढली, ती नंतर विप्रोने घेतली. या काही वर्षांत दिल्लीभोवतीच्या हजारो तरुण मुलामुलींच्या डोक्यावर एका कानाचा हेडसेट चढला. माझ्या मते हेडसेटच्या इतिहासात भारताचा जो काही भाग आहे तो इथे आहे, आणि तो कोणी नीट लिहिलेला नाही. बाल्डविनचं गिऱ्हाईक दिवसाला काही तास ऐकत असेल. गुरगावची मुलं रात्री आठ-नऊ तास, रोज, परक्या उच्चारांचं इंग्रजी ऐकत होती. ओहायोतल्या म्हाताऱ्या बाईने क्रेडिट कार्डाचे सोळा आकडे सांगितले आणि एक चुकला की पुन्हा सगळं.

माझी एक मावसबहीण त्या काळात तिथे होती. तिने मला जे शिकवलं ते कुठल्याही दुकानदाराने शिकवलं नाही. मायक्रोफोनची दांडी ओठासमोर नको, ओठाच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर. समोर ठेवली तर प्रत्येक ‘प’ला आणि ‘फ’ला फुंकर बसते. एकच कान झाकायचा, दुसरा मोकळा, म्हणजे शेजारी काय चाललंय ते कळतं आणि डोकं दुखत नाही. दर तासाला बाजू बदलायची. आणि स्वतःचा आवाज थोडासा कानात परत येत असेल तरच घ्यायचा. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. जुन्या काळ्या टेलिफोनमध्ये आपला आवाज आपल्याच कानात हलकासा परत यायचा, म्हणून माणूस ओरडत नसे. दोन्ही कान गच्च बंद करणाऱ्या बुचांमध्ये तो येत नाही, उलट आपलाच आवाज डोक्यात घुमतो. मग आपण ओरडतो, आणि घरच्यांना वाटतं हा भांडतोय. तारेच्या हेडसेटला मधे एक जोड असायचा, तो सोडून चहाला उठता यायचं आणि फोन चालूच राहायचा. तिची मानेची जुनी तक्रार मात्र आजही आहे.

बिनतारी भाग सर्वांत शेवटी आला. १९९४ साली स्वीडनमधल्या एरिक्सनमध्ये ब्लूटूथवर काम सुरू झालं. नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून. मला त्यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. ब्लूटूथ एका जागी बोलत नाही. तो ७९ वाटांवरून सेकंदाला १,६०० उड्या मारत बोलतो, म्हणजे एखादी वाट गजबजलेली असली तरी फक्त क्षणभराचा तुकडा जातो. शत्रूने आपली वाट जॅम करू नये म्हणून उड्या मारणारे सेट, ही मूळची आमच्या धंद्यातली कल्पना. हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथेल हा संगीतकार, या दोघांनी १९४२ साली पाणतीराला दिशा देणाऱ्या संदेशासाठी तिचं पेटंट घेतलं होतं. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, ८८ वाटा.

पण ब्लूटूथच्या पोटात एक गोम आहे, आणि माझा ‘स’ तिथेही सापडला. गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो, त्याला भरपूर जागा मिळते. तुम्ही बोलायला लागलात की तोच दुवा दोन्ही दिशांनी चालवावा लागतो, आणि मग तो एकदम अरुंद होतो. सुरुवातीच्या ब्लूटूथमध्ये बोलण्याची वाट जुन्या टेलिफोनएवढीच होती. २०११ साली रुंद वाट आली, सुमारे ७,००० कंपनांपर्यंत. ती हेडसेटमध्येही हवी आणि फोनमध्येही. मोबाइलच्या जाळ्यातही तसंच. आपल्याकडे २०१६ साली जिओ सुरू झाल्यावर व्होल्टी सगळीकडे पसरलं, आणि त्यात आवाजाची वाट ५० ते ७,००० कंपनांची असू शकते. साखळीतली एकही कडी जुनी असली की ‘स’ तिथे गळतो. आबांचा फोन जुना, साध्या बटणांचा होता. म्हणजे माझ्या डोक्यावर कितीही महाग वस्तू चढवली असती तरी पलीकडून ‘आठ’च आलं असतं. हे लक्षात आलं तेव्हा मी आधी गावाला व्होल्टी चालणारा, मोठ्या बटणांचा फोन पाठवला. तो नाही म्हटलं तरी हेडसेटपेक्षा स्वस्त पडला.

मग एका रविवारी मुलीला घेऊन नेहरू प्लेसला गेलो. पहिला दुकानदार प्रत्येक हेडसेटवर गाणं लावून दाखवायचा. “सर जी, बेस देखिए.” मी म्हणालो, बेस नको, बोलणं कसं जातं ते दाखव. तो गोंधळला. एका दुकानात तर दोन्ही कान बंद करणारा, गादीसारखा मऊ, सुंदर हेडसेट होता. बाहेर बेचाळीस अंश. चष्म्याच्या काड्या दहा मिनिटांत कानशिलात रुतल्या आणि कानाभोवती घामाचं तळं. दिल्लीत मे ते सप्टेंबर हा प्रकार फक्त वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांसाठी.

मी एक कागद घेऊन गेलो होतो. त्यावर वीस शब्द, जोड्याजोड्यांनी. आठ, साठ. सात, हात. सण, फण. शंभर, अंबर. एकोणसाठ, एकोणसत्तर. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९२०च्या दशकात हार्वे फ्लेचर आणि त्याचे सहकारी टेलिफोनची परीक्षा अशीच घेत. निरर्थक अक्षरं वाचायची आणि पलीकडच्याने ऐकून लिहायची, म्हणजे अर्थावरून अंदाज बांधता येत नाही. मुलगी लांब, जिन्याशेजारी चहाच्या टपरीपाशी गेली आणि मला फोन लावला. तिने वाचायचं, मी लिहायचं. मग मी वाचायचं, तिने लिहायचं. दुकानदाराने आधी कपाळाला हात लावला, नंतर तोच मोजायला बसला.

दोन कानांच्या, बिनदांडीच्या महागड्या बुचांमध्ये मला वीसपैकी अठरा कळले. मुलीला माझे मात्र तेराच कळले, कारण बुचाचा मायक्रोफोन कानाशी आणि तोंड चार इंच दूर. त्यामधल्या जागेत नेहरू प्लेस. एका कानाच्या, बारीक दांडीच्या, दिसायला अगदीच कारकुनी बिनतारी हेडसेटमध्ये मला सतरा आणि तिला एकोणीस. एकटाच कान, म्हणून मी तो उजव्या कानाला लावला. बरा कान तोच. वजन नावापुरतं, चष्म्याला अडथळा नाही, दुसरा कान मोकळा. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही कस्टमर केअरवाले दिसता.” घेतला.

कार्यालयात तो चालत नाही, फाटकावरच ठेवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. घरी आल्यावर संध्याकाळी गावाला फोन लावला. नवा फोन आबांना मिळून आठवडा झाला होता. मी म्हटलं, “आबा, आज किती?”

थोडा वेळ शांतता. मग त्यांचा तो पूर्वीचा, सेटवरचा आवाज, जो मी लहानपणी फक्त गोष्टींमध्ये ऐकला होता.

“फिगर्स. वन, फोर, टू. खालचं, फिगर्स, एट, फोर. ओव्हर.”

“रॉजर आबा. वन, फोर, टू. एट, फोर. उसाचं बिल निघालं का? ओव्हर.”

“नाही. ताई आली आहे, जेवायला बोलावतेय. आउट.”

आणि त्यांनी फोन ठेवला.